यादीत माझं नाव

आमची कॉलनी पांढुर्ण्याच्या बाहेर, सौंसरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आहे. घरं चाळीसेक. शेताचे प्लॉट पडले, लोकांनी घरं बांधली, पण नगरपालिकेची नळाची लाइन काही तिथवर आली नाही. म्हणून कॉलनीची स्वतःची बोअर, स्वतःची टाकी, स्वतःचे रस्त्यावरचे दिवे, आणि हे सगळं पाहायला घरमालकांची समिती. माझे यजमान तहसील ऑफिसातून बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या वर्षी लोकांनी त्यांना या समितीचे सचिव केलं.

मला तेव्हा बरंच वाटलं होतं. निवृत्त माणूस दिवसभर घरात बसला की भाजीत मीठ किती घालायचं इथपर्यंत येतो. त्यापेक्षा हे बरं. सकाळी चहाच्या आधी ते टाकीवर जाऊन वॉल्व खोलायचे. पुढच्या गल्लीला अर्धा तास पाणी, मग मागच्या गल्लीला अर्धा तास. मिनिटाचा फरक नाही. दिवा गेला, नाली तुंबली, कुत्र्यानं कचरा पसरवला, सगळ्याला तेच. सहा वर्षं त्यांनी हे काम केलं आणि मनापासून केलं. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ते कोणाला दिसणार नाही.

हे काम दाराबाहेर राहत नाही, घरात शिरतं. लोक त्यांना थोडे घाबरत, म्हणून तक्रार घेऊन माझ्याकडे येत. "काकू, काकाजींना तुमी सांगा नं, आमच्याकडे पानी कमी येऊन राहिलं." मी सांगायची. ते माझ्यावर चिडायचे. मग मी सांगायचं बंद केलं आणि लोकांनी मलाही विचारायचं बंद केलं. किराण्याच्या दुकानात मी गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. एवढ्यातेवढ्यानं माणूस खचत नाही, पण ते रोज होत राहिलं.

समोरच्या घरातल्या बाईचं तसं नव्हतं. ती माझी मैत्रीण. ती मोहगावची, मी रामाकोन्याची. दोघींच्या माहेरी संत्र्याचे बगीचे, त्यामुळे बोलायला कधी विषय शोधावा लागला नाही. उन्हाळ्यात आम्ही दोघी मिळून कुरडया घालायचो, तिच्याच गच्चीवर, कारण तिच्या गच्चीवर ऊन जास्त वेळ राहतं.

एका उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं. समितीनं ठरवलं की कोणी नळाला सरळ मोटार लावून पाणी ओढलं तर दोन दिवस त्याची लाइन बंद. नियम आमच्या यजमानांनीच लिहिला होता. आणि पहिली मोटार सापडली ती समोरच्यांकडे. मैत्रिणीच्या नवऱ्यानं लावली होती. यजमानांनी त्याच सकाळी त्यांची लाइन बंद केली.

तासाभरानं ती आमच्या दाराशी आली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. तिचा आवाज ऐकू येत होता.

"भाऊजी, आमच्यानं चूक झाली. पन पोरगी बाळंतपनाला आलेली हाय. दहा दिवसाचं लेकरू हाय घरात. आजच्या दिवस तरी सोडा."

"वहिनी, नियम सगळ्याइले सारखा हाय," यजमान म्हणाले. "आज तुमाले सोडलं तर उद्या मी कोनाले काय सांगू?"

ती थोडा वेळ उभी राहिली असावी, कारण पावलांचा आवाज लगेच आला नाही. मी हात धुऊन बाहेर जाऊ शकत होते. गेले नाही. कणीक मळून झाली तरी मळत राहिले. त्या दिवशी त्यांनी नातेवाइकांकडून ड्रम भरून पाणी आणलं. त्या वर्षी माझ्या कुरडया मी आमच्याच अंगणात घातल्या.

पुढच्या वर्षी मागच्या गल्लीतल्या एका शिक्षकानं प्रस्ताव आणला. नागपूरची एक कंपनी अशा कॉलन्यांची व्यवस्था पाहते. पाणी, दिवे, झाडलोट, चौकीदार, सगळं तीच सांभाळणार. समितीनं फक्त लक्ष ठेवायचं. बैठक मारुतीच्या देवळाच्या मंडपात बोलावली. मी सहसा बैठकीला जात नसे. त्या संध्याकाळी गेले, कारण यजमान दिवसभर जेवले नव्हते आणि मला त्यांची काळजी वाटत होती.

कंपनीचा माणूस नीट बोलणारा होता. कोणाला दुखवेल असं एक अक्षर बोलला नाही. शिक्षक उभा राहिला आणि म्हणाला, "काकाजीनं लय केलं आपल्यासाठी. आता त्याइले आराम भेटला पायजे." सगळ्यांनी माना हलवल्या. आराम हा शब्द ऐकून यजमानांचा चेहरा उतरला, ते मी मागून पाहिलं. तोंडावर कोणी तक्रार केली असती तर ते भांडले असते. आरामाशी कसं भांडणार?

मग मतं घ्यायची ठरली. कंपनीचा माणूस म्हणाला, पुढे वाद नको, ज्याच्या नावावर घर आहे त्यानंच मत द्यावं. घरमालकांची यादी यजमानांकडेच होती, त्यांच्याच सुंदर अक्षरातली. ते एक एक नाव वाचू लागले. ज्याचं नाव येई तो, कंपनी हवी असेल तर 'ठेवा', नाहीतर 'नको' म्हणे. बहुतेक 'ठेवा'च म्हणत होते.

वाचता वाचता ते थांबले. मला कळलं काय झालं ते. रजिस्ट्रीच्या वेळी बाईच्या नावानं शुल्क कमी लागतं म्हणून आमचं घर त्यांनी माझ्या नावावर केलं होतं. यादी उतरवताना त्यांनीच माझं नाव लिहिलं असणार, पण मत मला द्यावं लागेल हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. सहा वर्षं कॉलनी चालवणारा माणूस त्या यादीत नव्हताच.

त्यांनी माझं पूर्ण नाव वाचलं. लग्नानंतर त्यांच्या तोंडून ते मी क्वचितच ऐकलं असेल. पुढे बसलेल्या बायका वळून माझ्याकडे पाहू लागल्या. यजमानांनी मात्र यादीवरून मान वर केली नाही. माझं उत्तर आपल्याला माहीत आहे असंच त्यांना वाटत होतं.

मी म्हटलं, "ठेवा."

आवाज इतका बारीक आला की शिक्षकानं विचारलं, "काय म्हनलं, काकू?"

"ठेवा म्हनलं कंपनी," मी मोठ्यानं म्हटलं.

त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. माझ्या मतानं काही अडलं नव्हतं. ते नसतं तरी कंपनी आलीच असती. म्हणूनच कदाचित त्यांना ते जास्त लागलं.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना म्हणाले, "लोकाइचं समजू शकतो. तू काहून?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. तुमचा गुडघा दुखतो, वय झालं, असं काहीतरी. पण तोंडातून दुसरंच निघालं. "मले कोनी बोलत नाही इथं. तुमी सचिव झाले, अन् माह्या सगळ्या बाया गेल्या."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मले हे कधी सांगितलं नाही तू," एवढंच म्हणाले. खरं होतं ते. सांगितलं नव्हतं.

कंपनी आली. पाणी वेळेवर येत राहिलं, दिवे लागत राहिले, कंपनीचा फोन मात्र चार वेळा केल्याशिवाय कोणी उचलत नसे. मी वाट पाहत होते की आता समोरचं दार उघडेल. महिना गेला, दुसरा गेला. शेवटी मीच गेले. तिनं बसायला सांगितलं, पाणी दिलं, नातीचे फोटो दाखवले. मला वाटलं, झालं, मिटलं. उठताना मी म्हटलं, "बाई, आता तर काही राग नाही नं? याइनं सोडलं सगळं काम."

ती म्हणाली, "भाऊजींचा राग मले कधीच नव्हता. त्याइचा नियम होता, आमची चूक होती. मी तुमची वाट पाहत होती त्या दिवशी. तुमी घरातच होत्या. परातीचा आवाज येऊन राहिला होता मले."

मी पुन्हा खाली बसले. इतके दिवस मी सगळं खापर त्या पदावर फोडलं होतं, भर मंडपात नवऱ्याच्या विरुद्ध मत दिलं होतं, आणि जे मोडलं होतं ते माझ्या हातानं मोडलं होतं. कंपनीला ते कुठून दुरुस्त करता येणार? मी म्हटलं, "हाव. ऐकत होती मी. बाहेर याले भेली."  मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत माझ्यासोबत आली.

नंतर हळूहळू येणं-जाणं सुरू झालं. पूर्वीसारखं नाही. दोघी थोड्या जपून बोलतो. पण खरं जास्त बोलतो, असं मला वाटतं.

वर्षानं कंपनीचा करार पुढे चालवायचा की नाही यासाठी पुन्हा बैठक झाली. यजमान म्हणाले, "तू जाय, घर तुह्या नावावर हाय." टोमणा होता की नाही, कळलं नाही. मंडपात मैत्रिणीनं सरकून जागा दिली. मी उठून, कंपनीनं फोन उचललाच पाहिजे, अशी अट मांडली.

घरी आले तर ते पेपर घेऊन ओट्यावर बसलेले. पेपर खाली न ठेवता विचारलं, "काय झालं मंग? ठेवली का?"

"ठेवली. पन एका अटीवर."

"कोनती?" त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मी चप्पल काढली आणि त्यांच्या शेजारी बसून सगळं सुरुवातीपासून सांगू लागले.