जावेच्या दारातली शहाळी

थोरल्या दिरांच्या बायपासचा मला हेवा वाटायचा. ऐकायला वाईट आहे, पण खरं आहे. नुसता हेवा नाही, जळफळाट व्हायचा.

शिवाजी पेठेत आमचं अंगण एक आणि दारं दोन. एका दारात दीर आणि जाऊबाई, दुसऱ्यात आम्ही नवरा-बायको आणि सासूबाई. दिरांची छाती उघडली त्याच महिन्यात माझ्या नवऱ्याला आम्ही हातकणंगल्याच्या बाजूला एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. दारू. सख्खे भाऊ, दोघेही एकाच वेळी आजारी. पण लोकांच्या लेखी एक पेशंट होता आणि दुसरा बेवडा.

दीर घरी आले आणि अंगणात रीघ लागली. तालमीतले आले, भजनी मंडळातले आले, जावेच्या माहेरचे आले, जे तिच्या लग्नालासुद्धा आले नव्हते तेही आले. आजाऱ्याला भेटायला कुणी हात हलवत येत नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात शहाळं. दीर पिऊन पिऊन कंटाळले, मग पाहुणेच प्यायला लागले. रिकामी शहाळी जाऊबाई दाराशेजारी टाकायच्या. घंटागाडी रोज यायची, पण तो ढीग काही हलायचा नाही. त्या मुद्दाम हलवत नव्हत्या, हे मी शपथेवर सांगेन. "किती माणसं येत्यात गं, बसाया जागा न्हाय," असं कपाळाला हात लावून म्हणायच्या, आणि चेहरा बघावा तर हळदीच्या नवरीचा. चहा मात्र माझ्या गॅसवर.

दिरांच्या खाटेजवळ एक प्लास्टिकची खुर्ची होती. आलेला माणूस तिच्यात बसायचा, गुडघ्यांवर हात ठेवायचा आणि विचारायचा, "आता कसं वाटतंय?" मग दीर पार सुरुवातीपासून सगळं सांगायचे. कपबशा गोळा करताना तो प्रश्न मी रोज ऐकायचे आणि मनात म्हणायचे, अरे, एकदा तरी कुणी माझ्या नवऱ्याला विचारा की.

पण विचारणार कोण? आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. राजारामपुरीतल्या दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे आम्ही पिणाऱ्यांच्या बायका तोंडावरचा स्कार्फ न सोडता नंबरची वाट बघत बसायचो. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, हा आजार आहे, शुगरसारखाच. मी ते घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजार असता तर झाकाया लागला असता व्हय?" आणि शेजारणीला सांगून मोकळ्या झाल्या की धाकट्याला हातकणंगल्याला चांगली नोकरी लागली, राहायचीही सोय तिकडंच हाय.

नोकरी लागली म्हटल्यावर लोक पेढे मागणारच. एकीने तर आपल्या भाच्यालाही तिकडं चिकटवायची गळ घातली. शेवटी सासूबाईंनी पेढे आणवले आणि वाटायला मला पाठवलं. तिकडं त्या केंद्रात माझा नवरा थरथरत होता, उलट्या करत होता, त्याला भिंतीवर किडे दिसत होते. दिरांना निदान भूल तरी दिली होती. आणि मी दारोदार हसून पेढे देत होते. जाऊबाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी दोन खाल्ले. "ग्वाड हायत गं," म्हणाल्या. त्या क्षणी तो बॉक्स त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

नवरा घरी आला तो दुपारी. वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते. कितीतरी दिवसांनी चहाचा कप त्याने एका हाताने धरला. संध्याकाळी दारात बसला होता, तेवढ्यात गल्लीतले त्याचे जुने सोबती हसत हसत अंगणात आले.

"काय सायेब! पेढं तर पोचलं, आता पार्टी कवा?"

"आजच बसू या की. नव्या नोकरीची ओली पार्टी व्हायलाच पायजे!"

नवऱ्याने मान खाली घातली. नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगितलं तर आई खोटी पडते. आतून सासूबाई मला डोळ्यांनी खुणावत होत्या, गप्प बस. आमची अब्रू झाकायला जी थाप मारली होती, तीच आता त्याला हाताला धरून बारमध्ये नेणार होती. त्यातला एक त्याच्या खांद्यावर हात टाकून उठवायला लागला आणि हा उठू लागला.

मग मला राहवलं नाही. मी ओरडलेच, "नोकरी-बिकरी काय न्हाय! दारू सोडाया दवाखान्यात हुते ते. परत हितं कुणी पार्टीचं नाव काढलं तर बघा!"

सोबत्यांनी चपला घातल्या. जावेच्या दारातला एक पाहुणा तळहातावर तंबाखू मळत होता. "दारुडं कुटं सुधरत्यात?" असं म्हणून त्याने चिमूट ओठाखाली सरकवली आणि दिरांच्या टाक्यांची चौकशी पुढे चालू केली. जाऊबाई माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, "पावण्यांम्होरं सांगायचं हुतं व्हय?"

मला वेडीला वाटलं, आता कळलंय, एखादा तरी येईल. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. त्यानंतरही नाही. माणसं अंगणात यायची आणि आमच्या दाराकडे न बघता पलीकडे जायची. नवरा खाटेवर पडून त्यांची पावलं ऐकायचा. एकदा म्हणाला, "मी बाहेर न्हाय येत, लोकास्नी अवघडल्यागत हुतंय." हे ऐकलं आणि मी चप्पल घातली.

कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याने विचारलं, "पाण्याचं का मलईचं?"

"पेशंटसाठी हाय," मी म्हणाले.

त्याने चार-पाच हलवून बघितली आणि पाण्याने भरलेलं एक निवडून दिलं. ते घेऊन मी आधी जावेच्या घरात शिरले. पाहुणे बसले होते, पण खुर्ची रिकामी होती. कुणाला न विचारता ती उचलली आणि सगळ्यांच्या देखत अंगणातून आमच्या घरी आणली.

खाटेजवळ खुर्ची ठेवली तसा नवरा उठून बसला. शहाळं बघून त्याचा चेहरा एकदम उजळला.

"कोण आलंय?" त्याने दाराकडे बघत विचारलं.

"मी," मी म्हणाले. खुर्चीत बसले, गुडघ्यांवर हात ठेवले. "आता कसं वाटतंय तुमास्नी?"

त्याने शहाळं दोन्ही हातांनी धरलं आणि पार सुरुवातीपासून सांगायला लागला.

रिकामं शहाळं मी आमच्या दाराशेजारी ठेवलं. सकाळी घंटागाडी आली, पण मी ते उचलू दिलं नाही.