जावेच्या नाण्याचा फोटो

करणी, नजर, भूतबाधा... यातलं मी काहीच मानत नाही. गोंदियात आमचं किराणा दुकान आहे. दिवसभर माणसं बघणाऱ्या बाईला भुतांचं काय भ्या! तरी हे लिहितेय, कारण नऊ महिने झाले, डोक्यातून जात नाही.

मला नाण्यांचा नाद. टांकसाळीत चुकून बिघडलेलं एखादं नाणं सापडावं म्हणून अकरा वर्षं गल्ल्यातलं एकूण एक नाणं उलटंपालटं करून पाहिलं. एकही नाही! आणि माझी धाकटी जाऊ संगीता सालेकशाहून आली, ऑटोवाल्यानं सुट्टे म्हणून दिलेलं दोन रुपयांचं नाणं माझ्यापुढे धरलं — "ताई, हे असं काऊन आहे जी?"

छाप एका बाजूला सरकलेली, उरलेल्या कडेला कोरा, चकचकीत भाग. अस्सल चूक! माझा नुसता जळफळाट झाला. हिला नाण्यातलं ओ की ठो कळत नाही... आणि हिलाच?

"तुमच्या त्या नाणेवाल्यांच्या ग्रुपवर टाका ना ताई. तुमच्यावानी फोटो मले नाही जमत."

आमच्या ग्रुपवर फोटो स्पष्ट नसेल तर जाणकार त्याकडे बघतही नाहीत. भर दुपारी खिडकीजवळ काळं कापड पसरलं, त्यावर नाणं, आणि हात हलू नये म्हणून दोन उपड्या ग्लासांवर आडवा मोबाईल. संगीता चहा ठेवायला आत गेली. मी केसांतलं तेल बोटाला घेतलं आणि कॅमेऱ्याच्या काचेवर फिरवलं. हो, मुद्दाम! स्क्रीनवर नुसता पांढरा गोळा. बरं वाटलं. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, तिलाही पाठवला.

पाच मिनिटांत उत्तरं — "जबरदस्त! इतका स्पष्ट फोटो इथे कधी आला नाही." चूक अस्सल ठरली.

मी फोटो उघडला. पांढरा गोळा. नवऱ्याला दाखवला, तर म्हणाला, "हे काय, धुकं?" संगीताच्या मोबाईलवर मात्र तोच फोटो लख्ख... नाण्यावरचा ओरखडान् ओरखडा दिसत होता.

ती बोटांनी मोठा करून पाहत होती. "ताई, या कोऱ्या जागेत तुमचा चेहरा आला, पाहा." मग आणखी मोठा केला. "इतक्या रागानं कोणाकडे पाहून राहिल्या होत्या जी?"

मी पाहिलं. दात आवळलेले, डोळे बारीक... चेहरा माझाच होता.

"ऊन येत होतं डोळ्यांवर," मी म्हटलं. आमची खिडकी उत्तरेला आहे, हे तिला माहीत आहे.

मोबाईल दुरुस्तीवाल्याला विचारलं. "मॅडम, ऐसा होता नहीं," एवढंच म्हणाला. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर सांगा, मला तरी आजवर उलगडा झालेला नाही.

नाणं तिनं जपून ठेवलंय — आणि खरं सांगते, त्याचं अजूनही दुखतं. फोटो तिनं डीपीला लावलाय. कौतुकानं लावला की कसा, विचारायची हिंमत होत नाही. माझ्या फोनवर तिथे पांढरा गोळाच दिसतो. बाकी सगळ्या नातेवाइकांना काय दिसतं, ते मला माहीत आहे.