बंद राउटरवर चालणारं नेट

चिंचणीच्या नानांच्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर मी प्लगमधून उपटला आणि नाकाशी धरला. जळका वास. राउटरवर एकही दिवा लागलेला नव्हता. वर धूळ बसली होती आणि मागच्या अँटेनाच्या आधारानं कोळ्यानं निवांत संसार थाटला होता.

"नाना, हा कधीपासून बंद आहे?"

"गणपतीत लाईटीचा झटका आलता ना, तवापासून."

"मग तक्रार आत्ता का केलीत?"

"नेट काल गेला म्हणून," नाना म्हणाले. "काल दुपारपर्यंत मस्त चालत होता. मी तर भजन ऐकत होतो."

राउटर गणपतीपासून मेलेला आणि नेट कालपर्यंत चालू. काल दुपारी काय झालं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. समोरच्या हेमंतच्या घरात मी पासवर्ड बदलला होता.

मी शेखर चुरी, बोईसरचा. एका ब्रॉडबँड कंपनीसाठी चिंचणी, तारापूर, बेटेगाव, उमरोळी ह्या पट्ट्यात घरोघरी फायबर नेऊन राउटर बसवतो. राउटर म्हणजे ती भिंतीवरची पेटी. बाहेरून वायरनं आलेलं नेट ती घरात हवेतून वाटते. हेमंत तारापूरच्या प्लांटमध्ये एका कॉन्ट्रॅक्टरकडे फिटर आहे. तिथं आत जायला गेट पास लागतो, आणि पाससाठी पोलीस व्हेरिफिकेशन. त्याचा पास नूतनीकरणाला आला होता, आणि नेमका तेव्हाच त्याला पालघरहून सायबरवाल्यांचा फोन आला. ग्रामपंचायतीच्या एका सदस्य बाईंच्या नावानं कुणीतरी खोटं अकाउंट उघडलं होतं. त्यावर त्यांचे फोटो आणि घाणेरडा मजकूर. तो मजकूर हेमंतच्या कनेक्शनवरून गेला होता.

पोलिसांना हे कळतं आयपी अ‍ॅड्रेसवरून. इंटरनेटवर प्रत्येक कनेक्शनचा एक पत्ता असतो, तो हा. पण तो घराचा पत्ता असतो, माणसाचा नसतो. घरात बसून कोण काय करतंय ते त्यात दिसत नाही.

हेमंतनं मला बोलावलं. मी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिलं तर त्यांच्या घरात फोन तीन, आणि जोडलेले त्याहून जास्त. हेमंत, त्याची बायको सुप्रिया आणि सुप्रियाचा भाऊ योगेश तिथंच उभे होते. योगेश बोईसरला एमआयडीसीत कामाला, बहिणीकडे राहायचा. मित्र बरेच, त्यांचं येणंजाणंही बरंच.

मी म्हणालो, "पासवर्ड घरातल्याच कुणीतरी बाहेर दिलाय."

हेमंतनं फक्त मेहुण्याकडे पाहिलं. मी नवा पासवर्ड टाकला, राउटरला जोडलेल्या फोनांची यादी माझ्या फोनमध्ये काढून घेतली, कंपनीच्या रिपोर्टमध्ये 'ग्राहकाने पासवर्ड शेअर केला' असं लिहिलं आणि निघालो. योगेश त्याच संध्याकाळी बॅग घेऊन उमरोळीला मित्राच्या खोलीवर गेला.

आता जे कधी कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. तो पासवर्ड अर्ध्या चिंचणीकडे आहे हे ते वाक्य बोलतानाच मला माहीत होतं. मीच वाटला होता.

राउटरला दोन गोष्टी द्याव्या लागतात. एक नाव, जे फोनमध्ये दिसतं, आणि दुसरा पासवर्ड. नाव म्हणजे दारावरची पाटी आणि पासवर्ड म्हणजे चावी, असं समजा. प्रत्येक घरात बसून हे वेगवेगळं करायचं, लोकांना समजावायचं, आणि ते विसरले की पुन्हा हेलपाटा मारायचा, ह्याचा मला कंटाळा. म्हणून मी एक राउटर नीट सेट केला आणि त्याची नक्कल लॅपटॉपमध्ये ठेवली. नव्या घरात गेलो की तीच नक्कल आत ओतायची. पाच मिनिटांत चहा प्यायला मोकळा. गावभर एकच पाटी, एकच चावी. लोक खूश होते. वाडीतल्या काकू म्हणायच्या, "शेखरचा नेट बरा, फोन आपोआप लागतो." आपोआप का लागतो, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

चावी सारखी आहे हे मला माहीत होतं. फोन स्वतःहून घर बदलतो ह्याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. फोनला घर कळत नाही. ओळखीची पाटी दिसली आणि चावी लागली की तो आत शिरतो. नानांचा राउटर मेला, तसे त्यांच्या घरातले फोन रस्ता ओलांडून हेमंतकडे जाऊन बसले. नाना हेमंतच्या नेटवर भजन ऐकत होते आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

म्हणजे तो मजकूर टाकणाऱ्यालाही पत्ता नसणार.

भीती होतीच, पण खरं सांगायचं तर आनंदही झाला होता. सुटत नसलेली गाठ अशी एका जळक्या अ‍ॅडॉप्टरनं सुटावी! नानांच्या ओट्यावरूनच मी पालघरला मॅनेजरसाहेबांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे विचारलं, "रिपोर्टमध्ये काय लिहिलंयस?"

"कस्टमरनं शेअर केला."

"मग तेच राहू दे. म्हाताऱ्याचा अ‍ॅडॉप्टर बदल आणि ये. पोलिसांनी आपल्याला काही विचारलंय का?"

"नाही, सर."

"मग आपण कशाला सांगायचं, चुरी?"

ह्या वाक्यावर मी आजवर नोकरी केली होती. विचारलं नाही तर सांगायचं नाही. मी बाईक काढली, किकही मारली. पण नानांचं घर आणि हेमंतचं घर ह्यांच्यामध्ये रस्ता एवढासा, आणि समोर सुप्रिया वाल सोलत ओट्यावर बसलेली.

"योगेश फोन उचलत नाय, भाऊ," ती आपणहून म्हणाली. "तुमी काल बरं सांगितलंत. आमाला कळलं तरी असतं का?"

मी बाईक बंद केली. हेमंतला बाहेर बोलावलं आणि उभ्यानंच सांगून टाकलं.

हेमंत माझ्या बुटांकडे बघत म्हणाला, "चुरीभाऊ, मी बायकोच्या भावाला घराबाहेर काढलं. तुमच्या एका शब्दावर. हे उद्या पोलिसांपुढं बोलाल?"

"बोलेन."

"नाय बोललात तर माझा पास जाईल. पास गेला तर मी घरी बसेन. मग मी तुमाला सोडणार नाय."

दुसऱ्या दिवशी हेमंतबरोबर पालघरला जाऊन सायबरच्या अधिकारी बाईंसमोर मी बोललो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"कुलूपं तुमची, चाव्या तुमच्या, आणि ह्यांच्या घरात शिरलं कोण ते माहीत नाही. तुम्ही ह्यांना वाचवायला आलात की स्वतःला अडकवायला?"

"मॅडम, तुम्ही गल्लीत चला. मी दाखवतो."

त्या आल्या. मी नानांच्या राउटरला नवा अ‍ॅडॉप्टर लावला आणि हेमंतच्या राउटरवर माझी जुनी नक्कल परत ओतली. दोन्ही घरं पुन्हा जुळी झाली. बाईंनी त्यांच्या हवालदाराचा फोन पुढं केला. आजवर चिंचणीत न आलेला फोन. मी त्याचा मोबाईल डेटा बंद केला, म्हणजे लबाडीला जागा नको. नानांच्या ओट्यावर बसून त्यात पासवर्ड टाकला आणि क्रिकेटची जुनी मॅच लावली. गल्ली जमली होती. फोन कधी कधी अडून बसतात. आज अडला तर हेमंतचं काय, हे मला दिसत होतं आणि हेमंतलाही.

"नाना, प्लग काढा," मी म्हणालो.

नानांनी प्लग काढला. बोलर रनअपमध्ये होता तो तिथंच थिजला. स्क्रीनवर गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. हेमंतनं डोळे मिटून घेतले.

आणि बोलरनं बॉल टाकला.

"अरे हाय की चालू!" नाना हातातला प्लग हलवत म्हणाले. "मग मी बिल कशाचं भरतो रे?"

गल्ली हसली. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पुन्हा." ह्या वेळी त्यांनी स्वतःचा फोन दिला. तोही गेला, सरळ रस्ता ओलांडून, हेमंतच्या घरात. मला ओरडावंसं वाटलं. एवढा आनंद स्वतःचीच चूक सिद्ध झाल्याचा मला पुन्हा कधी झालेला नाही.

मग बाईंनी नानांना साधाच प्रश्न विचारला. तुमच्या घरात फोन कोणाकोणाकडे आहेत?

"माझा, हिचा," नाना म्हणाले आणि थांबले. गल्लीचं हसणं विरलं. "आणि पुतण्याचा."

पुतण्याचा आणि त्या सदस्य बाईंचा रस्ता रुंदीकरणावरून वाद चालू होता, हे तिथं उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. मी काढून घेतलेल्या यादीतला एक फोन त्याचा निघाला. त्यानं ते अकाउंट आपल्या फोनवरून चालवल्याचं पुढे पोलिसांनीच शोधून काढलं. त्यात माझा काही हात नाही. नाना मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलताना दोन शब्द कमीच वापरतात.

हेमंतचा पास झाला. कंपनीनं किनाऱ्याकडची नवी कनेक्शनं माझ्याकडून काढून घेतली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं का?" मी म्हणालो, "हो, हेमंतनं." जुनी कनेक्शनं मी स्वखर्चानं, एकेक घर फिरून सुधारली. प्रत्येकाची पाटी वेगळी, पासवर्ड ज्याचा त्यानं टाकलेला. राउटरच्या आत शिरायची एक वेगळी चावी असते, ती बहुतेकांची खोक्यातून आली तशीच असते, तीही बदलली. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करून दिलं. काकू म्हणाल्या, आधी बरा होता, आता आपोआप लागत नाय. मी म्हटलं, तेच तर.

योगेश बहिणीकडे परत गेला नाही. मी उमरोळीला जाऊन माफी मागितली. "ठीक हाय," एवढंच म्हणाला. पुढे त्यानं तिथल्या खोलीवर नवीन कनेक्शन घेतलं आणि बसवायला मलाच बोलावलं, ह्याचं मला फार बरं वाटलं. वायर ओढली, दिवे हिरवे झाले, पासवर्डचा रकाना उघडून मी फोन त्याच्या हातात दिला.

तो टाईप करायला लागला आणि थांबला.

"चुरीभाऊ, तिकडं बघा."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्याचं टाईप करून होईपर्यंत भिंतच बघत होतो. मोठा पासवर्ड होता.

तुमच्याकडे नेट बसवायला कुणी आला तर त्यालाही असंच सांगा. त्याला राग आला, तर त्याच्या लॅपटॉपमध्ये एक नक्कल असणार.