टाकीवरची पाटी

रंगाच्या कारखान्यात टायपिस्टबाईंनी एकोणतीस वर्षं काढली. साहेबांचा मसुदा आला की मान खाली घालून टाइप करायचा आणि पुढं सरकवायचा, हा त्यांचा खाक्या. मजकुराशी देणंघेणं नाही. "आपण हमाल," त्या म्हणायच्या, "पोत्यात काय आहे ते धन्याला ठाऊक."

त्यांच्या नोकरीच्या अकराव्या वर्षी टाकी धुवायला उतरलेला सफाईवाला आतल्या वाफेनं बेशुद्ध पडला. त्याला काढायला त्याचा मेहुणा आत उतरला आणि तोही पडला. सफाईवाला वाचला, मेहुणा गेला.

चौकशीत सफाईवाल्याचा जबाब टाइप करायला बाईंनाच बसवलं.

"टाकीवर सूचना होती. वाचली नाहीस?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"वाचली, साहेब. रोज वाचायचो. सातवीपर्यंत शिकलोय."

"मग?"

"कळली नाही."

बाईंची बोटं थबकली. ती सूचना त्यांनीच टाइप केली होती. 'बंदिस्त जागेत प्रवेशापूर्वी वायुपरीक्षण अनिवार्य असून तदभावी उद्भवणाऱ्या परिणामांस व्यवस्थापन उत्तरदायी राहणार नाही.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

रविवारी त्या सूचना नव्यानं लिहायला कागद घेऊन बसल्या. मोठ्या जाऊबाईंची शाळा तिसरीत सुटलेली, पण जिभेला धार. बाईंनी त्यांना वाचून दाखवलं, "टाकीत उतरण्याआधी हवेची तपासणी आवश्यक आहे."

"आवश्यक म्हणजे काय गं? केली तर बरी, का केलीच पाहिजे?"

"केलीच पाहिजे."

"मग तसं लिही की. आणि तो मेहुणा कशानं मेला, ते कुठंय ह्यात?"

"ते कसं लिहू, वहिनी?"

"आपलं माणूस पडलेलं दिसलं की कुणीही धावणारच. त्याला अडव."

चार रविवार खाडाखोडीत गेले. शेवटी कागदावर एवढंच उरलं: 'टाकीत विषारी हवा असते. ती दिसत नाही. हवा तपासल्याशिवाय उतरू नका. आत कुणी पडला, तर तो तुमचा सख्खा भाऊ असला तरी मागे उतरू नका. घंटा वाजवा. तुम्ही वर राहिलात तरच तो वर येईल.'

मॅनेजरनं चष्मा कपाळावर चढवला. "कारखान्याच्या पाटीवर भाऊ? बाई, ही काय घरची चिठ्ठी आहे?"

"आधीची पाटी कारखान्याला शोभत होती, साहेब. माणूस गेला."

इतकं उलट त्या कधी बोलल्या नव्हत्या. कागद खणात गेला. मग दर सोमवारी बाई नवी प्रत टाइप करून टेबलावर ठेवू लागल्या. तेराव्या प्रतीवर सही झाली. "तुमच्यापुढं हात टेकले," मॅनेजर म्हणाला.

सहा-सात वर्षांनी पुन्हा एक जण टाकीत पडला. त्याच्या जोडीदारानं वरूनच घंटा बडवली, मास्कवाले धावले आणि पडलेला जिवंत बाहेर आला. दुपारी कँटीनमध्ये जोडीदार सांगत होता, "एक पाय आत घातला होता मी. मग पाटी आठवली."

ती पाटी कुणी लिहिली हे त्याला माहीत नव्हतं. बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण पलीकडच्या बाकावर त्या मेलेल्या मेहुण्याची बायको डबा खात होती. नवरा गेला तेव्हाच तिला पॅकिंगमध्ये कामाला घेतलं होतं. बाई उठून तिच्याजवळ गेल्या.

"तेव्हा असती ही पाटी तर," ती म्हणाली.

"तेव्हाची मीच टाइप केली होती."

तिनं घास खाली ठेवला. "लिहिली साहेबानं ना?"

"हो. पण पहिल्यांदा वाचली मी. मलाही कळली नव्हती, आणि मी तसं बोलले नाही."

डब्याचं झाकण उचलून तिनं बाकावर जागा केली. "बसा," म्हणाली. त्यानंतर दोघी रोज तिथंच जेवत, पण हा विषय पुन्हा निघाला नाही.

बाईंनी मात्र हमाली सोडली. न कळलेला कागद त्या मशीनला लावेनात, "साहेब, ह्याचा अर्थ काय?" म्हणून परत नेत. कारकुनांनी त्यांचं नाव 'फेरतपासणी' पाडलं. निम्मे साहेब वैतागायचे. बाकीचे हळूहळू सोपं लिहायला शिकले.

बाई निवृत्त झाल्यावर पाटी दोनदा रंगवली गेली. मजकूर बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही.