चमचाभर पाणी

यार्मिला कोउत्नाला काळजी करायला कारण लागत नसे. ब्रनो शहरातल्या आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात मी अकरा वर्षं तिच्या हाताखाली बटाटे सोलले, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही. शेगडी बंद केली की नाही हे बघायला ती ट्रामच्या थांब्यावरून परत फिरायची आणि मलाही ओढत न्यायची. शेगडी नेहमी बंदच असायची. भिंतीवर सरकारी मापांचा कागद लावलेला होता: माणशी मांस इतकं, पीठ इतकं, मीठ इतकं. दुसऱ्या शाळांतल्या बायका त्या कागदाकडे ढुंकून बघत नसत. यार्मिलानं मात्र त्या कागदाबाहेर चिमूटभर शहाजिरंसुद्धा कधी टाकलं नाही.

अशा बाईकडे हालामा मास्तरांनी आपला कॅक्टस सांभाळायला दिला.

मास्तर आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, एकटे. माळ्यावर काचेखाली त्यांचे दोनशे कॅक्टस होते. पण फुप्फुसांनी दगा दिला, जिना चढवेना, तेव्हा त्यांनी ते एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कॅक्टसवाल्यांच्या मंडळातल्या लोकांना देऊन टाकले. एकच ठेवला. मुठीएवढा, गोल गरगरीत, अंगभर पांढऱ्या काट्यांची जाळी. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी शंभर बिया पेरल्या होत्या, त्यातला सोळा वर्षांनी उरलेला हा एकटा. दर मे महिन्यात त्याच्या डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं यायचं आणि मास्तर सगळ्या इमारतीला ते बघायला बोलवायचे. एरवी त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी त्यांना हिवाळाभर येसेनिकच्या डोंगरातल्या आरोग्यधामात पाठवायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मास्तर कुंडी घेऊन, प्रत्येक पायरीवर थांबत, तिसऱ्या मजल्यावर यार्मिलाकडे आले. मी समोरच राहते, दार उघडं होतं, म्हणून गेले. नाक खुपसायची सवय आहे मला. त्यांनी कुंडीबरोबर एक कागद दिला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: अकरा नोव्हेंबर ते पंचवीस मार्च. खिडकीच्या दोन काचांमध्ये ठेवणे. पाण्याचा थेंब नाही. दया करू नये.

"थेंबसुद्धा नाही?" यार्मिलानं विचारलं.

"हिवाळ्यात तो झोपतो, यार्मिलाबाई. झोपलेल्याला उठवून कुणी जेवायला वाढतं का?"

यार्मिलानं मान हलवली. पण चारशे पोरांना रोज वाढणाऱ्या बाईच्या ते पचनी पडलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

आमच्या जुन्या इमारतीत खिडक्या दुहेरी. आतली काच आणि बाहेरची काच यांच्यात वीतभर जागा. लोक तिथे लोणी ठेवतात, नाताळचे बिस्किटांचे डबे ठेवतात. यार्मिलानं सगळं काढून तिथे कॅक्टस ठेवला आणि शेजारी तापमापक टांगला. पारा पाचाच्या खाली गेला की ती बाहेरच्या काचेला वर्तमानपत्रं लावायची, वर चढला की काढायची. डिसेंबरात कॅक्टस आक्रसायला लागला. जानेवारीत त्याच्या अंगावर सुरकुत्या पडल्या आणि तो मातीत खचल्यासारखा दिसू लागला. ती शिंप्याची टेप त्याच्या पोटाभोवती धरायची, काटे टोचून घ्यायची आणि आकडे लिहून ठेवायची. कामावरून आलो की मला हाक यायची.

"हेडा, बघ गं. काल असा होता का?"

काल तो कसा होता, मला काय माहीत. "असाच होता," मी म्हणायचे. तरी ती मला अर्धा तास उभी करायची. मास्तरांना काय तोंड दाखवू, एवढं एकच त्यांनी माझ्यावर सोपवलं, असं तिचं चालू. सूप ढवळतानाही तेच, ट्राममध्येही तेच. तिनं जीव टांगणीला लावला होता आणि ते ऐकून ऐकून मी विटले होते.

फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी मी म्हटलं, "एक चमचा पाणी दे त्याला आणि सुटू दे दोघींना."

"कागदावर नाही म्हटलंय."

"कागदाला तहान लागत नाही. मास्तर काय दुर्बीण लावून बसलेत? एक चमचा. कुणाला कळणार आहे?"

मी हे दयेपोटी म्हटलं नाही. मला घरी जाऊन पाय वर करून बसायचं होतं, म्हणून म्हटलं. यार्मिलानं पाणी उकळलं, गार केलं, शाळेतल्या मापाच्या चमच्यानं मोजून एक चमचा कुंडीत सोडलं. दोन दिवसांनी येऊन विचारलं, आणखी एक देऊ का. मी म्हटलं दे. असे सहा झाले.

कॅक्टस फुगला. सुरकुत्या गेल्या, अंगाला तकाकी आली. यार्मिलाला झोप लागायला लागली. नेडलिकचं, म्हणजे उकडायच्या गोळ्यांचं, पीठ मळताना ती गुणगुणायचीसुद्धा, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी गाडीनं येसेनिकला मास्तरांना भेटायला गेलो. ते व्हरांड्यात घोंगडी पांघरून बसले होते, गालांची हाडं वर आलेली. यार्मिलानं बरणीतून नेलेलं कोंबडीचं सूप ते पिऊ लागले. तिला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

"तुमचा कॅक्टस छान आहे हो, मास्तर. इतका गरगरीत झालाय, सुरकुती शोधून सापडायची नाही."

मास्तरांचा चमचा वाटीत तसाच राहिला. "मार्चच्या सुरुवातीला?" ते म्हणाले.

तेवढ्यानंच यार्मिलाला समजलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मलाही समजलं, आणि मी डोंगराकडे बघू लागले.

"किती घातलंत?"

"सहा चमचे."

मास्तरांना खोकल्याची उबळ आली. ती जायला वेळ लागला. मग ते न रागावता, वर्गात सांगावं तसं सांगू लागले. थंडीत मुळं पाणी ओढत नाहीत, ओल तशीच राहते आणि बुडातून कुज चढते. वरून कॅक्टस धडधाकट दिसतो. घरी गेल्यावर बुडाला बोट लावून बघा. टणक असेल तर ठीक. मऊ लागला तर दाढीच्या नव्या पात्यानं कापा. चकत्या काढत वर जा, मधलं वर्तुळ स्वच्छ दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका जरी राहिला तरी कुज पुन्हा चढते, तेव्हा हात आखडू नका.

"आणि काहीच उरलं नाही तर?"

"तर काही उरणार नाही, यार्मिलाबाई."

परतीच्या गाडीत मीच बडबडत होते. ती खिडकीबाहेर बघत होती. तुझ्यामुळे झालं, असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडले असते आणि मला बरं वाटलं असतं.

घरी आल्या आल्या तिनं कोट न काढता आतली काच उघडली आणि बुडाला बोट लावलं. बोट आत गेलं.

पातं तिनं स्लिवोवित्सात, घरातल्या आलुबुखारच्या दारूत, बुडवून पुसलं. पहिली चकती सडलेल्या सफरचंदासारखी निघाली. दुसरीही तशीच. तिसरी, चौथी. या बाईनं आयुष्यात किती काकड्या चिरल्या असतील, पण इतकं हळू चिरताना मी तिला पाहिलं नव्हतं. पाचव्या चकतीला सगळं हिरवंगार होतं, फक्त मधोमध मोहरीएवढा तपकिरी ठिपका. मुठीएवढा कॅक्टस निम्मा संपला होता.

"पुरे ना, हेडा?"

पुरे म्हणावंसं मला फार वाटलं. मी म्हटलं, "मला विचारू नकोस."

तिनं आणखी दोन चकत्या काढल्या. ठिपका गेला. हातात उरला तो अक्रोडाएवढा शेंडा. त्याच्या कापलेल्या भागाला कोळशाची पूड लावून तिनं तो रिकाम्या पेल्याच्या तोंडावर बसवला. माती नाही, पाणी नाही. मास्तरांना पत्र टाकलं: कापला, अक्रोडाएवढा राहिला. उत्तरात एक कार्ड आलं, त्यावर एकच शब्द होता: थांबा.

ते थांबणं मी जवळून पाहिलं. तिनं पेला काचेच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली, मी मागितली तरी देऊ नकोस म्हणून. पहिल्याच दिवशी दोनदा मागितली. त्या वसंतात सूप दोनदा खारट झालं, जे आमच्या स्वयंपाकघरात कधी घडलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला, कपडे ढगळ झाले. कॅक्टस पुन्हा सुरकुतत होता, आणि तो जगण्यासाठी सुरकुततोय की मरण्यासाठी, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

मे महिन्यात मास्तर काठी टेकत परत आले. रविवारी यार्मिलानं त्यांना जेवायला बोलावलं, मलाही बोलावलं. शेपूची आमटी, उकडलेलं मांस, नेडलिक. कुणी धड जेवलं नाही. शेवटी मास्तर म्हणाले, आणा बघू. मी किल्ली दिली. शेवटचे दोन आठवडे तर शेंड्याच्या बुडाकडे बघायचं धाडस यार्मिलाला झालं नव्हतं.

मास्तरांनी शेंडा दोन बोटांत धरून उलटा केला. कापलेल्या जागेतून चार पांढरी मुळं निघाली होती, शेवयांच्या तुकड्यांएवढी. यार्मिला खुर्चीवर बसली आणि तिनं ॲप्रनमध्ये तोंड लपवलं.

मास्तरांनी शेंडा उजेडाकडे धरून ती मुळं पुन्हा मोजली. मग म्हणाले, "मी कधी कापलेला नाही. मंडळाच्या पत्रिकेत वाचलं होतं तेवढंच. माझे एकोणीस कुजले, सगळे कचऱ्यात टाकले आणि लोकांना सांगितलं की भेट दिले. पातं हातात घ्यायचा धीर झाला नाही."

त्यांनी शेंडा जपून परत पेल्यावर ठेवला.

"एक मात्र मला उमगलं नाही, यार्मिलाबाई. तुम्ही कागदाबाहेर जाणाऱ्यातल्या नाही. पाणी घालायचं तुमच्या डोक्यात कुणी भरवलं?"

मी ताटात उरलेलं मांस चिवडू लागले.

"कोण भरवणार?" यार्मिला डोळे पुसत म्हणाली. "माझंच डोकं."

मास्तरांनी मान हलवली आणि विषय संपला. मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि त्या दिवशी त्या टेबलाशी मला कुणी काही केलं नसतं. पुढे मास्तर पाच वर्षं जगले, जिन्यात रोज भेटायचे, तरी ते वाक्य मी बोलले नाही. त्या दुपारी मी यार्मिलाकडे बघत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते.