बंडीवरची फुलचुखी

अकोल्याहून निघालो तेव्हा वाटले होते, दोन-तीन दिवसांत अमरावती गाठू. पण त्या साली साऱ्या जगाला वऱ्हाडचाच कापूस हवा होता. रस्त्यात जिकडेतिकडे कापसाने भरलेल्या गाड्या, माणसाला बसायला एकही नाही. मूर्तिजापुराजवळ एका अंगणात रिकामी बंडी (बैलगाडी) दिसली आणि जीव भांड्यात पडला.

"जुंपता येत नाई, पंतोजी," घरधनी देवराव म्हणाले. "पिलं उडाल्याबिगर हे बंडी हालनार नाई. आठ दिस तरी लागतीन."

भिंतीला टेकवून वर केलेल्या जुवाच्या दोरीला कोळिष्टकांचा झोळ लोंबत होता. मला तो कचराच वाटला. निरखून पाहिले तर बाजूला भोक, त्यावर इवलासा छज्जा, आत कापसाची गादी आणि दोन उघड्या चोची. ऐन हंगामात एवढ्यासाठी बंडी उभी ठेवायची? हे शहाणपण की खुळेपणा, मला काही उमगेना.

वर निंबावर एक फुलचुखी गात होती. अंगठ्याएवढा जीव, बाकदार चोच. सावलीत काळा, उन्हात जांभळा, मान वळवली की निळा. मधूनच पळसावर जाऊन फुलांतला रस पिऊन येई. घरटे याचेच, हे मी ठरवूनच टाकले. इतक्यात पिवळ्या पोटाचे एक मातकट पाखरू भोकाशी लटकले. चोर! मी उपरणे झटकून त्याला पार शेतापलीकडे पळवले.

देवरावांच्या घरच्या धावत बाहेर आल्या. "काहून (का) हाकलता तिले? माय हाय ते! तो रंगीला नुसता गाऊन राहिला. घर तिनं बांधलं, अंडी तिनं उबवली."

तासभर वाट पाहिली. ती आली नाही. बाई त्या उघड्या चोचींकडे पाहत उभ्या राहिल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

शेवटी पायीच अमरावती गाठली. कापसाचे डोंगर पाहिले, भाकर-ठेचा खाल्ला, चव कशाचीच लागली नाही. त्या दोन चोची डोळ्यांपुढून हलेनात.

सहाव्या दिवशी परतताना त्या अंगणाजवळ पाऊल आपोआप मंदावले. पिल्ले मेली असतील, तर बंडी कापूस भरून गेलेली असणार.

बंडी तिथेच उभी होती. मातकट फुलचुखी चोचीत किडा घेऊन भोकाशी लटकली होती. माझे डोळे भरून आले.

"आज बी पायीच जा लागन, पंतोजी," देवराव म्हणाले.

"जातो की," मी म्हणालो. अकोल्यापर्यंत तळपायांना फोड आले. एकदाही कुरकुरलो नाही.