आधी 'नाय'

आग विझली की आम्ही पाइप वाळत घालतो, आणि ते वाळेपर्यंत वायरलेसवर कोण काय बोललं हाच विषय चालतो. आमच्या फायर स्टेशनात असे किस्से साचलेत. निम्मे माझेच. नववीत शाळा सोडली, बोलायला लाजतो, आणि सेट नेमका माझ्या हातात.

*

सेटवर बोलताना बटण दाबून धरायचं असतं. मी वाक्य संपायच्या आतच अंगठा उचलतो. तोंडवलीला जाळी ठेवायची खोप पेटली, तेव्हा मी कळवलं, "लाईट बंद केली नाही." पलीकडे पोचलं, "लाईट बंद केली." पाइप घेऊन पुढे असतात ते बाबलकाका. ते पाणी मारणार, तेवढ्यात ड्रायव्हर सलीमचाचांनी त्यांना मागे ओढलं. "वर बघ रे, बल्ब पेटलेलोच आसा."

*

हॉटेलच्या आगीत पुन्हा तेच. "सिलिंडर बाहेर काढला नाही," यातला 'नाही' माझ्या अंगठ्याखालीच राहिला. काका निर्धास्त आत शिरले. दोन पावलांवर सिलिंडर दिसला तसे मागे फिरले. ओरडले नाहीत. माझा हात धरून म्हणाले, "आंगठो तुझो, पण जीव माझो आसा रे."

त्या रात्री मी जेवलो नाही.

*

मालवणीत 'काढूक नाय' म्हटलं असतं, तर नुसतं 'काढूक', म्हणजे 'काढायला', ऐकून कोणी फसलं नसतं. पण सेटवर ऑफिसचं मराठी बोलायची पद्धत. काकांनी ती मोडली. नवा नियम केला: मालवणीत बोलायचं, आणि 'नाय' आधी.

काकांना तो इतका अंगवळणी पडला, की काकींनी फोनवर विचारलं, "बांगडे गावले?" तर म्हणाले, "नाय... गावूक."

काकी म्हणाल्या, "तो सेट खाली ठेवा आणि सरळ बोला."

*

आत शिरताना काका मला दर वेळी एकच सांगतात, "घाबराचा नाय." काजू फॅक्टरीत टरफलांचा ढीग पेटला तेव्हाही सांगून गेले. धूर इतका काळा, की दार दिसेना. मी सेटवर विचारलं, "काका, बरे आसात?"

खरखर झाली. "नाय."

पुढे काही नाही.

मी बटण दाबलं. "काका, काय नाय? काका!" या वेळी अंगठा उचलायचं भानच राहिलं नाही. विचारतच राहिलो.

सलीमचाचांनी माझं मनगट धरलं. "अरे सोड ता बटण! तू दाबून धरलंस तर तो बोलतलो कसो?"

मी अंगठा उचलला.

"...घाबराचा," खोकत खोकत काका म्हणाले.